चौकाखालून आलेली गौर

त्या भुयाराला आमच्या घरात तीन नावं होती. दादा, म्हणजे माझे वडील, त्याला ‘सबवे’ म्हणायचे आणि म्हणताना छाती जरा पुढे काढायचे, जणू ते त्यांनीच खणलं होतं. कमूआत्या, त्यांची बहीण, त्याला ‘बीळ’ म्हणायची. आणि आमच्या खालच्या खोलीत राहणारी माझी मैत्रीण जया त्याला ‘सुरंगा’ म्हणायची, तेही अगदी हळू, त्याला ऐकू जायला नको अशा बेताने. मी मात्र त्याला नावाने कधी बोलावलं नाही. ‘ते’ म्हणायची. रात्री सापाला आपण ‘जनावर’ म्हणतो ना, तसंच. आज त्या चौकात जाऊन कुणालाही विचारा, इथे खाली पायी चालायचा रस्ता होता हो, तर माणूस तुमच्याकडे संशयाने बघेल. माझा धाकटा भाऊ मधू स्वतः इंजिनीअर, पण तोही म्हणतो, ‘ताई, तू स्वप्नात बघितलं असशील.’ स्वप्नात तर बघतेच. आधी जागेपणी बघितलं, त्यामुळे.

आम्ही बळेपेटेत एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे मधे अंगण, भोवती ओळीने बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक नळ. पुढच्या रस्त्यावर वाद्यांची दुकानं, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी तबला ठोकून बघायचा, कुणी पेटीचा एकच सूर दाबून धरायचा. पुरतं गाणं कधी कानावर आलं नाही. सकाळी खालून मालकीणबाई पुट्टम्मांच्या सारूचा, म्हणजे त्यांच्याकडच्या तिखट आमटीचा, वास वर यायचा आणि आमच्या गोड्या मसाल्याचा वास खाली जायचा. जिन्यावर दोन्ही एकमेकांना भेटायचे. आमटीत आम्ही गूळ घालतो हे कळल्यावर पुट्टम्मा कितीतरी दिवस आमच्याकडे कीव आल्यासारखं बघत. दादा रत्नागिरीकडून इथल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले होते. त्यांचं कन्नड कारखान्यापुरतं, आईचं भाजीवालीपुरतं आणि आत्याचं भांडणापुरतं. म्हणजे आत्याचं सगळ्यांत चांगलं.

आत्याचं लग्न झालं होतं, पण नवरा आफ्रिकेत गेला तो गेलाच. सुरुवातीला पत्रं आली, मग तीही थांबली. कुंकू होतं, मंगळसूत्र होतं, नवरा तेवढा नव्हता. आमच्या घराचं सोवळंओवळं, सण, उपासतापास, सगळं तिच्या ताब्यात. पापड करपला तरी ती अशी बघायची की पापडाने लाजून पुन्हा पांढरं व्हावं. मला ती म्हातारी वाटायची. आज हिशेब करते तर तेव्हा ती जेमतेम बत्तिशीची असेल, माझ्या सुनेपेक्षाही लहान!

त्या वर्षी आईला दिवस होते. माझ्यानंतरची दोन मुलं राहिली नव्हती. एक पोटातच गेलं, दुसरं बारशाच्या आधी. म्हणून घरात सगळे दबकून वागत होते. आईने जिना उतरायचा नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मोठी माणसं माझ्यासमोर काही बोलायची नाहीत, पण आई झोपली की दादा दारातून तिच्याकडे बघत उभे राहायचे आणि मी त्यांच्याकडे. मला सगळं कळत होतं. हे तिसरंही जाणार, असं मी धरूनच चालले होते.

आणि नेमकं त्याच सुमाराला ते भुयार उघडलं. चौकात मोटारी वाढल्या, बसेस वाढल्या, म्हणून रस्त्याच्या कडेने लोखंडी कठडे लावले आणि लोकांनी खालून जावं असं ठरलं. पहिल्या रविवारी दादा मला मुद्दाम बघायला घेऊन गेले. लोक तर जत्रेला यावं तसे आले होते. पायऱ्या, पांढऱ्या फरशा, छताला दिवे. दादा म्हणाले, ‘बघ शके, रस्त्याखालून रस्ता!’ मी बघितलं ते वेगळंच. भिंतीच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं. वरून बस गेली की छत घुमायचं, आणि आपण बोललेलं आपल्याकडे परत यायचं, पण आपल्या आवाजात नाही. ओल्या चुन्याचा, विड्यांचा आणि अजून कसलातरी वास होता. मी दादांचं बोट सोडलं नाही. ते म्हणाले, ‘भित्री भागूबाई!’

घरी येऊन मी जयाला सांगितलं, तर ती एवढी गंभीर झाली की मला सांगितल्याचा पस्तावा झाला. आम्ही दोघी कन्नडमध्येच बोलायचो. ती म्हणाली, पूल बांधला, धरण बांधलं की एक लेकरू द्यावं लागतं. बळी. नाहीतर ते उभंच राहत नाही. तिच्या मामाचा मेहुणा गवंडी होता, म्हणजे माहिती पक्की.

‘मग ह्याला दिलं का?’ मी विचारलं.

‘इल्ला,’ ती म्हणाली. नाही. ‘म्हणून तर भिंतीतून पाणी येतं. ते रडतंय. मागतंय. आणि मोठं नाही लागत त्याला. जितकं लहान तितकं बरं.’

जितकं लहान तितकं बरं! मी नवव्या वर्षात होते. माझ्याहून लहान आमच्या घरात एकच होतं आणि ते अजून जन्मालाही आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मनात ठरवूनच टाकलं की ते भुयार आईच्या पोटातल्या बाळावर टपून बसलंय. हसू नका. तुमच्या लहानपणी तुम्हीही काहीतरी असंच मानलं असेल, फक्त विसरला असाल. आई वरच दारात वाती वळत बसली तरी मी तिचा पदर धरून बसायची. ती विचारायची, ‘काय गं, तुला झालंय काय?’ मी म्हणायची, ‘काही नाही.’

तेवढ्यात भाद्रपद आला. आमच्याकडे खड्याच्या गौरी. मुखवटे नाहीत, उभ्या गौरी नाहीत. अनुराधेवर घरातल्या मुलीने पाणवठ्यावर जायचं, खडे धुऊन ताम्हनात घ्यायचे, हळदकुंकू वाहायचं आणि त्या खड्यांच्या रूपाने गौर घरी आणायची. येताना बोलायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. मागून एक सवाष्ण घंटा वाजवत येते, तिनेही बोलायचं नाही. दारात पाय धुतले, आई विचारते, ‘गौर आली, कशाच्या पावली आली?’, त्याचं उत्तर म्हणजे आपला पहिला शब्द. तो मान माझा होता. आत्याने मला समोर बसवून बजावलं, ‘वाटेत बोललं तर गौर तिथूनच परत जाते. आणि जाते ती एकटी नाही जात, घरातलं एक माणूस घेऊन जाते. आमच्या गावात एकीचं झालंय.’ हे तिने दरवर्षीच सांगितलं असेल, पण त्या वर्षी मी ते शब्द न् शब्द खरं मानलं.

नळाचं पाणी गौरीला चालत नसे. विहीर होती चौकापलीकडच्या आंजनेयाच्या देवळात, आणि चौकाला आता कठडे. दादा म्हणाले, ‘सबवेतून जा.’ त्यावर आत्या जी उसळली! ‘देवीला माणसांच्या पायाखालून न्यायची? वरून गाड्या जाणार, बैल जाणार, कुणी पानाची पिंक टाकणार, आणि खालून माझी गौर?’

‘अगं कमू, मधे सिमेंट आहे.’

‘सिमेंट सोवळ्यातलं असतं का?’ दादांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

जाताना काहीच अडचण आली नाही. कठड्याला पोलिसांच्या येण्याजाण्यापुरती एक फट होती. तिथे एक पोक्त पोलीस उभा होता. आत्या त्याला म्हणाली, ‘अण्णा, देवर केलसा,’ देवाचं काम आहे, ‘स्वल्प सोडा.’ तो हसला, शिट्टी वाजवली, मोटारी थांबवल्या आणि आम्ही दोघी राणीसारख्या वरूनच पलीकडे गेलो. विहिरीवर पूजा झाली. खडे ताम्हनात घेतले, वर तेरड्याची फुलं. आत्याने ओठावर बोट ठेवलं, घंटा उचलली, आणि आमचं मौन सुरू झालं.

परत चौकात आलो तर फटीशी दुसराच पोलीस. तरुण, नवा, टोपीची एक कड दुमडलेली, अंगात कायदा भरलेला. त्याने आडवा हात केला. आता आत्या काय करणार? जिचं कन्नड भांडणासाठीच घडलेलं, ती बाई नेमकी आजच मुकी! तिने ताम्हनाकडे बोट दाखवलं, आभाळाकडे दाखवलं, हात जोडले, डोळे वटारले, घंटा जोरात वाजवून बघितली. तो पोलीस आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. शेजारच्या माणसाला म्हणाला, ‘अय्यो पापा, मूगरु!’ बिचाऱ्या मुक्या आहेत! आणि मग इतक्या आदराने, इतक्या काळजीने, हातवारे करत, आमच्या पुढे चालत, त्याने आम्हाला भुयाराच्या पायऱ्यांपर्यंत नेऊन सोडलं. खाली जा, असं बोटाने दाखवलं आणि उभा राहिला. हलेचना. आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता. एक शब्द बोलली असती तर सुटलो असतो. पण तोच तर बोलायचा नव्हता. तिने मला पाठीला हलकेच ढकललं. मी उतरले.

अजून मला त्या पायऱ्या आठवतात. बाहेर भुरभुर पाऊस होता, पायऱ्या निसरड्या झालेल्या. हातात ताम्हन, ताम्हनात गौर, म्हणजे भिंत धरायची सोय नाही. मी मनात म्हणत होते, बाळ घरी आहे, आईजवळ आहे, इथे नाही, हे काही त्याला घेऊ शकत नाही. मागून घंटा वाजत होती, टिंग, टिंग. आत्या आहे. वळून बघायची गरज नाही. घंटा आहे तोवर आत्या आहे. वरून एक बस गेली आणि छत गुरगुरलं. आणि आम्ही साधारण मधोमध असू, तेव्हा दिवे गेले.

अंधार असा की ताम्हन धरलेले माझेच हात मला दिसेनात. पुढे कुणीतरी ओरडलं, कुणी हसलं, कुणी शीळ घातली, आणि सगळं भिंतींवर आपटून परत आलं. माणसं मला घासून जात होती. अंगाला कुणाचं तरी ओलं धोतर लागलं. मी थांबले. आणि माझ्या लक्षात आलं की घंटा बंद झाली आहे.

भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. त्यानंतर आयुष्यात बरंच काही झालं, आजारपणं झाली, माणसं गेली, पण तशी भीती पुन्हा नाही. तोंड उघडायचं नाही, मागे बघायचं नाही, पुढे दिसत नाही. पाणी ठिबकत होतं. ते मागतंय, जया म्हणाली होती. मला वाटलं, आत्ता हात लावेल. आणि त्याच वेळी मागून आवाज आला, ‘शके!’ आत्याचा. मग पुन्हा, बारीक, ‘शके, आहेस ना गं?’

आत्या बोलली!

भुयाराची भीती क्षणात बाजूला राहिली आणि त्याहून मोठी भीती आली. आत्याने मौन मोडलं. आता गौर परत जाणार, घरातलं एक माणूस घेऊन. कोण ते मला ठाऊकच होतं. मी ओठ इतके घट्ट मिटले की दात रुतले. निदान मी तरी बोलता कामा नये. दोघींतली एक तरी मुकी राहिली तर गौर कदाचित राहील. पुन्हा हाक आली, ‘अगं शके!’ मी ओ दिली नाही. पायाने फरशी चाचपत, ताम्हन छातीशी धरून, चालत राहिले. कुठेतरी पुढे करडा उजेड दिसला, त्यात पायऱ्या. मी वर आले आणि तोंडाने वारा घेत उभी राहिले, वळून न बघता.

बऱ्याच वेळाने आत्या आली. घंटा नव्हती. लुगड्याला चिखल, कपाळावरचं कुंकू फिसकटलेलं. तिने माझा खांदा असा पकडला की बोटांचे वळ उठले. मी तिच्याकडे बघितलं. तिने ओठावर बोट ठेवलं. मला वाटलं, ती सांगते आहे, कुणाला सांगू नकोस. मी मान हलवली.

दारात आईने माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकवाची बोटं ओढली. हसत विचारलं, ‘गौर आली, कशाच्या पावली आली?’ तिने पुन्हा विचारलं. मी तिच्या पोटाकडे बघत उभी. शेवटी आत्याच म्हणाली, ‘सोन्याच्या पावली आली. पोर दमली आहे, आत घे.’ त्या दिवशी भाजीभाकरीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं. घाटलं म्हणजे माझा जीव की प्राण, पण मी पान तसंच ठेवून उठले. विसर्जनाला आत्या घोड्याचा जटका करून, सगळ्या पेटेला वळसा घालून गेली. दादांनी विचारलं, ‘एवढा लांबून का?’ ती म्हणाली, ‘हवा खायला.’

पुढचे आठवडे मी पहाऱ्यावर असल्यासारखी जगले. आई कण्हली की मी धावत जाऊन बघायची. आणि दिवस भरायच्या बरेच आधी, एका पहाटे, तिला कळा सुरू झाल्या. दादा तिला इस्पितळात घेऊन गेले. दुपार होत आली तरी निरोप नाही. आत्या चुलीपुढे बसली होती, चूल न पेटवता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘आत्या, तू बोललीस म्हणून झालं का गं हे?’

मला वाटलं, थोबाडीत बसणार. ती उठली, पायात चपला सरकवल्या. ‘चल.’

इस्पितळ चौकापलीकडे होतं. ती सरळ त्या पायऱ्यांशी जाऊन थांबली. वळसा नाही, पोलीस नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, ‘शके, बोलत राहायचं. काहीही बोल, पण थांबायचं नाही. गौरीलाही पोर आहे. तिला कळतं.’ काय बोलू मला सुचेना, म्हणून मी पाढे सुरू केले. बे एके बे. ती माझ्यापेक्षा मोठ्याने. बे दुणे चार. भर भुयारात, दिवे असताना, एक बाई आणि एक मुलगी ओरडून पाढे म्हणत चालल्या आहेत! लोक थांबून बघत होते, पोरं मागे लागून आमची नक्कल करत होती, भिंती आमच्या मागून पाढे म्हणत होत्या. तिचा हात घामाने भिजला होता. वर येईपर्यंत आम्ही एकदाही थांबलो नाही.

मधू जन्मला होता. उंदराएवढा, कापसात गुंडाळलेला, डोळे मिटलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट बघायची. आम्ही वाट बघितली. तो जगला, हे तर तुम्हाला पहिल्या परिच्छेदातच कळलंय, पण आम्हाला कळायला दिवाळी उलटावी लागली. तोवर मी रोज घाबरतच उठत होते. भुयार पुढे काही वर्षं राहिलं. पाणी साचायला लागलं, दिवे फुटले, लोक पुन्हा कठड्याच्या फटीतून जायला लागले. मग दाराला कुलूप लागलं, आणि कधीतरी वरून सगळं सपाट झालं. मी बघायला गेले नाही.

ही गोष्ट मी आयुष्यभर एकाच तऱ्हेने सांगत आले. आत्या एवढी कर्मठ, पण अंधारात मी घाबरले असेन म्हणून तिने माझ्यासाठी मौन मोडलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आत्या शेवटची वर्षं माझ्याकडे व्हाइटफील्डला होती, अंथरुणालाच खिळलेली, पण कान शाबूत. एका दुपारी मी सुनेला हेच सांगत होते, तर खाटेवरून आवाज आला, ‘कसलं तुझ्यासाठी! माझी पाचावर धारण बसली होती.’

मी खाटेजवळ गेले. ती म्हणाली, ‘घंटा हातातून पडली. शोधायला वाकले, तर कुठली बाजू कुठे तेच कळेना. तुला हाक मारली. तू ओ दिली नाहीस. पुन्हा मारली. मला वाटलं, घेतली पोर त्याने. ते बळीचं सांगणारं जयेचं तोंड काय फक्त तुझ्याच कानाशी होतं? त्या बिळात मी गुडघ्यांवर रांगत तुला शोधत होते, शके. वहिनीचं पोटातलं जाईल म्हणून जपायचं आणि हातातली घालवून बसायचं!’

‘मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?’

‘तू एवढ्या कौतुकाने सांगायचीस. ऐकायला बरं वाटायचं.’ मग पांघरूण सारखं करत ती म्हणाली, ‘पण ओ तेवढी द्यायला हवी होतीस गं.’

मी म्हटलं, ‘अगं, तूच तर बोलू नको म्हणाली होतीस.’ तिने कूस बदलली. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही, आणि पुढच्या भाद्रपदात ती नव्हती.

आमच्या इमारतीत वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात माझ्या तोंडून मोठ्याने ‘ओ’ निघते. सून स्वयंपाकघरातून विचारते, ‘आई, कुणी हाक मारली का?’

मी म्हणते, ‘नाही गं. द्यायची राहिली होती.’